सैल केबल

ऐक, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. ओल्झास शेजारच्या तोक्तार आगांच्या टेबलाखाली पालथा पडलाय, तोंडात बॅटरी, आणि भिंतीवर अडीच वाजलेत. चारला त्याला कारागंदा स्टेशनवर पोचायचंय. पोचायचंच आहे.

बापलेक दोन महिने बोलत नव्हते. बाप म्हणाला होता, माझ्याबरोबर तेलाच्या विहिरींवर चल, ही कॉम्प्युटरची खोकी उघडत बसणं म्हणजे काय काम आहे? हा म्हणाला, मग मला मुलगा म्हणू नका. बाप तसाच निघून गेला. आणि काल अचानक मेसेज: 'उद्या चारच्या गाडीने येतोय. घ्यायला ये.' एवढाच. ओल्झासला तो आता पाठ झालाय.

आणि आज बारा वाजता तोक्तार आगांनी दार वाजवलं. "पोरा, आयझेरेचं नवं ग्राफिक्स कार्ड आलंय. बसवून दे. अर्ध्या तासाचं काम." आयझेरे म्हणजे आगांची मुलगी, कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते.

अर्धाच तास लागला खरंतर. जुनं कार्ड काढलं, नवं खाचेत दाबलं, टक् वाजलं, पडदा उजळला. फक्त ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, उतरवायचा राहिला, आणि आगांचं नेट नेमकं बंद. मग ओल्झासच्या फोनवरून नेट घेतलं. फोन आगांनीच नेऊन पलीकडच्या खोलीतल्या खिडकीत ठेवला. तिथे रेंज चांगली मिळते म्हणे.

चहा पिऊन परत येतो तर पडदा काळा. कार्डाची विजेची केबल सैल. दाबली, चाललं. हात धुऊन येतो तर पुन्हा काळा! आता मॉनिटरची केबल कार्डात नाहीच, जुन्याच भोकात.

"आगा, कुणी हात लावला का?"

"मी? मला यातलं काय कळतंय?"

आयझेरे स्वयंपाकघरात शेलपेक, तेलातल्या पातळ पोळ्या, तळत होती. एरवी त्याला 'काय रे, स्क्रू ढिल्या' म्हणून चिडवणारी पोरगी, आज मान वर करेना.

"माझे बाबा म्हणतात, हा डॉक्टर झाला असता तर निम्मं गाव गेलं असतं," ओल्झास हसत म्हणाला.

आगा हसले नाहीत. "अजून एक कप घे," म्हणाले.

सव्वातीन. सगळं जोडून झालं, चाललं. ओल्झास दाराशी बूट घालतोय तोच आतून हाक, "पोरा, बंद पडलं बघ!"

धावत गेला. बटण दाबलं तर नुसत्या शिट्या. झाकण उघडून बघतो तर रॅमची पट्टी गायब. सैल नाही रे, गायब! आणि आगांची मूठ आवळलेली.

"आगा, मूठ उघडा."

उघडली. पट्टी तळहातावर.

"वेड लागलंय का तुम्हाला? दोन महिन्यांनी येतायत ते! मी दिसलो नाही तर त्यांना वाटेल की मी अजून..."

"बस, पोरा."

"फोन द्या माझा. चाललो मी."

"बस म्हणतो ना. येतीलच आता."

"कोण येतील?"

बेल वाजली. दारात ओल्झासचे मोठे काका, थेट गावाहून आलेले. मागे बिल्डिंगमधले चार म्हातारे, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. कुणी रामराम-सलाम काही केलं नाही. काकांनी दार लावून घेतलं आणि पुतण्याचे दोन्ही खांदे धरले.

आता तू सांग. आगांना साडेअकरालाच काकांचा फोन आलेला. बाप गेल्याचं पोराला एकट्यानं सांगायचं नाही, मोठी माणसं जमवूनच सांगायचं, ही आपली रीत. आणि काका चार तासांच्या अंतरावर. तोवर तू ओल्झासला कशात गुंतवून ठेवलं असतंस?