पाडव्याची गाय

पेडण्याच्या पठारावरची काजूबाग विमानतळात गेली आणि बदल्यात बाबलीला तिथंच नोकरी मिळाली, उडायची बंद झालेली विमानं राखायची.

दिवाळीत, गोरवांच्या म्हणजे गुरांच्या पाडव्याला त्याच्या बायकोने गाईला ओवाळलं, झेंडूची माळ घातली आणि रिवाजाप्रमाणे चरायला सोडलं. गाय जुन्या सवयीने पठारावर आली, कुंपणाच्या भगदाडातून आत शिरली आणि वर्षभर जागचं न हललेल्या एका विमानाच्या सावलीत जाऊन बसली.

साहेब भडकले. "ही काय गुरं बसवायची जागा आहे? तुमच्यापैकी कुणाची असेल, तर त्याने उद्यापासून घरी बसावं."

"खबर ना, सायब," बाबली म्हणाला. "गावातली आसतली कुणाची तरी."



गाय उठली आणि रोजच्यासारखा गळा खाजवून घ्यायला त्याच्यापुढं मान वर करून उभी राहिली.