नावाचा रकाना

"नावाचा रकाना रिकामा ठेवलाय तुम्ही," जन्मनोंदणीचा कारकून खिडकीतून म्हणाला.

"ठरतच नाहीये हो," बाळाचा बाप ओशाळला. "घरात अकरा माणसं आणि नावं बारा."

"मग तितिक्ष लिहा."

"काय?" बाळाची आजी पुढे सरकली.

"तितिक्ष. संस्कृत शब्द आहे, आजी. सहन करणारा. ऊन असो, थंडी असो, काहीही आलं तरी न डगमगणारा. वर्गात हाक मारली तर एकच पोरगं उभं राहील."

"मला तर शिंक आल्यासारखं वाटलं."

पण बापाने ते दोनदा म्हणून पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बायको हसली. कोणाचं मत बदलायच्या आत कारकुनाने रकाना भरून टाकला.

शेजारच्या खिडकीवर मृत्यूच्या नोंदी घेणाऱ्या बाई बसत. मंडळी गेल्यावर त्या म्हणाल्या, "झाला आणखी एक? या महिन्यातला चौथा. माझं आपलं बरं आहे, माझ्या खिडकीवर नावं आयती येतात."

"चांगलं नाव आहे, बाई."

"एवढं चांगलं, तर स्वतःच्या पोराला का नाही ठेवलंत? त्याचा मेला गोट्या केलात!"

"घरात गोट्याच बरा," कारकून म्हणाला आणि पुढचा अर्ज ओढला.

सात वर्षांपूर्वी या वह्यांत ते नाव औषधालाही नव्हतं. आता पानामागून पान उलटलं की कुठे ना कुठे भेटायचं. अडलेला बाप दिसला की कारकून नाव पुढे करी. शिकलेल्यांना शब्दाचं मूळ सांगे, हौशी मंडळींना 'अजून कोणाचं नाही' म्हणे, घाईतल्यांना अर्थ सांगून मोकळा होई. दहांत एखादा गळाला लागायचा. कोणी तिकिटं जमवतो, कोणी काड्यापेट्या. याला हा नाद, असं म्हणून कार्यालयाने तो विषय कधीच सोडून दिला होता.

साडेअकराला एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. खिडकीच्या कठड्यावर त्याची बोटं सारखी वाजत होती.

"सहा वर्षांपूर्वीची एक नोंद बघायचीय. मुलाची."

"बापाचं नाव सांगा."

त्याने स्वतःचं नाव सांगितलं. कारकुनाने वही काढली, सावकाश पाहिलं. "या नावाने काही नाही."

"नसणारच. बायको घर सोडून गेली तेव्हा आठवा महिना होता. मुलगा झाला, एवढंच उडत उडत कानावर आलं. पण त्याचं नाव मला माहितेय. पोटात होता तेव्हापासून ती त्याच नावाने हाक मारायची. तितिक्ष."

बाईंचं पेन थांबलं.

"नंतर दुसरं ठेवलं असेल," कारकून म्हणाला.

"ती? जीव जाईल पण हट्ट जाणार नाही. मी अर्थ विचारला तर म्हणते, सहन करणारा. माझ्या घरात सहन करण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा." तो हसला. "असलं नाव शहरात दुसऱ्या कोणाचं असणार? पत्ता द्या, मी निघतो. पोरगं शाळेत जायच्या वयाचं झालं, साहेब. मी अजून त्याचं तोंड पाहिलेलं नाही."

बाईंनी पदराने डोळे टिपले.

"तुमच्या बायकोची काही खूण?" कारकुनाने वहीतून मान वर न करता विचारलं.

"उजवी करंगळी वाकडी आहे. दारात सापडली होती."

"दार कोणी लावलं होतं?"

"दार काय, लागतं." बोटं पुन्हा वाजू लागली. "सापडलं का?"

कारकुनाचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत उतरलं. "तेवीस."

"काय तेवीस?"

"त्या एका वर्षातले तितिक्ष. पुढच्या वर्षांचे वेगळे."

"शक्य नाही." त्याने कठड्यावर तळहात आपटला. शिक्क्याची डबी उडून खाली पडली. "तेवीसच्या तेवीस पत्ते द्या!"

"पत्ते देता येत नाहीत. नियम आहे."

माणूस कठड्यावरून आत वाकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकच असता, तर कोणत्याही शाळेच्या शिपायाने बोट दाखवलं असतं." त्याने एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून आत सरकवला. "काही कळलं तर सांगा. बाप आहे मी."

तो गेल्यावर बाई खुर्ची वळवून बसल्या. "बघितलंत? तुमची हौस होते, आणि एका बापाला पोरगं सापडत नाही. मला तर बाई तोंड वर करून बघवेना त्याच्याकडे."

कारकून खाली वाकून डबी शोधत होता.

"फोन करा त्याला. तेवीस तर घरं. तुम्ही मनावर घेतलंत तर आठवड्यात लागेल छडा."

"बघतो," तो म्हणाला.

दुपारभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन दाखल्यांवर कालची तारीख पडली. चहा तसाच निवला. खिशातली चिठ्ठी तो काढायचा, वाचायचा, परत ठेवायचा. माणसाच्या मनाला लागलंय, हे बाईंनी ओळखलं आणि पुढे काही बोलल्या नाहीत. साडेचारलाच त्याने वही कपाटात ठेवून कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

बसमधून तो दोन थांबे आधी उतरला. मागच्या गल्लीने चालत निघाला. कोपऱ्यावर थांबून त्याने मागे पाहिलं, फोन हातात घेतला, पुन्हा खिशात टाकला.

घराचं दार त्याने दोनदा वाजवलं, थांबला, मग एकदा. कडी निघाली. ती काढताना बायकोची वाकडी करंगळी नेहमीसारखी बाजूलाच राहिली. त्याने चिठ्ठी तिच्या हातात दिली. अक्षर पाहताच ती भिंतीला टेकली. आतल्या खोलीत गोट्या मोठमोठ्याने पाढे म्हणत होता.

"किती सांगितले?" तिने विचारलं.

"तेवीस," तो म्हणाला. "आपला गोट्या धरून."