आपण

"ताई, तू सांग. आत बसायचं की बाहेर?"

सकाळपासून भावाचं हेच चाललं होतं. दीपगृहापर्यंत चालत जायचं की रिक्षाने, ताईला विचारा. आधी वाळू की आधी बंदराकडच्या गल्ल्या, ताईला विचारा. घरी टीव्हीवर काय लावायचं हेसुद्धा जिला कुणी विचारत नाही, तिला आज एकदम भाव आला होता. नको नको म्हणत असताना तिला उन्हाची टोपी घेऊन दिली. भावजयीने "काय गोड दिसताय, ताई!" म्हणत ती स्वतःच्या हाताने सारखी केली. ताई लाजली, हसली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

"बाहेरच बसू," ती म्हणाली.

कठड्याजवळचं टेबल मिळालं. खाली समुद्र, वर कापडी छत, आजूबाजूला त्यांच्यासारखीच सुट्टीवर आलेली कुटुंबं. वेटरने तळलेले मासे आणले. भावाने सगळ्यांत मोठा तुकडा ताईला वाढला. ताईने सवयीने चिमणीची ताटली पुढे ओढली, काटे काढायला. भाचीला काटे काढून भरवायचं काम तिचंच. पण भावजयीने ताटली हळूच परत घेतली.

"तुम्ही निवांत जेवा हो, ताई. सुट्टी तुमचीही आहे."

"आई, काटा!" दुसऱ्याच घासाला चिमणी ओरडली. "आत्या नीट काढते."

"आता तू मोठी झालीस. शिकायचं हळूहळू."

भावाने घसा खाकरला. "ताई, नव्या घराचं जरा बोलायचं होतं."

"पडद्यांचं ना?" ताईचा चेहरा उजळला. पुढच्याच महिन्यात घर बदलायचं होतं. "मी कापड बघून ठेवलंय. चिमणीच्या नि माझ्या खोलीला पिवळं. उजेड छान येईल."

"पडदे राहू देत." त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "आपण असं करू या, ताई. तुझ्या दवाखान्याजवळच एक छान खोली बघितलीय. तळमजला, वेगळं दार, वेगळा नळ. आता या वयात आपल्याला जिने नकोत, बसचे धक्के नकोत. आपण तिथं मस्त आरामात राहायचं."

ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. खुर्चीत बसलेल्या माणसाशी डॉक्टर नेहमी असंच बोलत. आता आपण तोंड उघडू या, आता आपण छोटंसं इंजेक्शन घेऊ या. या 'आपण'मधल्या एकाच्याच हिरडीत सुई जाते, हे तिला इतक्या वर्षांत पक्कं कळलं होतं. पेशंट घाबरून मागे सरकला की त्याचा हात धरायचा, शाळेचं, सुट्टीचं, कसलंही काहीबाही विचारून त्याचं लक्ष दुसरीकडे न्यायचं, हे काम मदतनिसाचं.

भावजयीने ताईच्या हातावर हात ठेवला. "समुद्र किती शांत आहे ना आज?"

ताईला राग आला. खोलीचा एवढा राग नव्हता. हेच घरी सांगितलं असतं तर ती भांडली असती, आदळआपट केली असती, चार दिवस अबोला धरला असता आणि मग मुकाट्याने सामान बांधलं असतं. पण यांनी तिला फिरवलं, टोपी घातली, मोठा तुकडा वाढला आणि आवाज चढवता येऊ नये म्हणून चार परक्या लोकांत आणून बसवलं. घरातलं भांडण घरात करायची सोयसुद्धा ठेवली नाही. तिने तोंडातला घास पाण्याबरोबर उतरवला.

चिमणीने सगळं ऐकलं होतं. "आपण म्हणजे कोण कोण, बाबा? मी पण आत्याच्या खोलीत राहायचं?"

"छे गं! आपण तिकडं, आपल्या नव्या घरी," बाबा चटकन म्हणाला. मग समोर बसलेल्या बहिणीकडे बघून त्याची जीभ अडखळली. "म्हणजे... ताई, तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय?"

"कळलं," ताई म्हणाली. "मराठीच बोलतोयस."

पुढचं जेवण कुणीच धड जेवलं नाही. वेटर ताटल्या उचलायला आला, काही बिघडलं का म्हणून विचारून गेला. भावजयीने एकटीने गप्पा चालू ठेवल्या. संध्याकाळी बोटीत बसू, उद्या सकाळी शिंपले वेचू. चिमणी आत्याची बोटं धरून बसली होती. ती सोडवत ताई उठली.

"एक फोटो तरी काढू या सगळ्यांचा," कठड्यापाशी येत भावजय म्हणाली. "वेटरला सांगू काढायला."

"त्याला कशाला? मी काढते." ताईने भावाच्या हातातून मोबाइल घेतला.

"अगं, पण तू ये ना!"

"उभे राहा."

तिघं समुद्राला पाठ करून उभी राहिली. चिमणी आईच्या हाताला, बाबा दुसऱ्या टोकाला. मध्ये एका माणसाची जागा सवयीने सुटली. ताईने मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि थांबली. मागचं टेबल आता त्यांच्याकडे बघत होतं. भाऊ अवघडून हसला.

"सरका की जवळ," ताई म्हणाली. "तिघंच तर आहात. आरामात मावाल."