पूर्वी नाकारलाय का?

"काकू, पूर्वी कधी व्हिसा नाकारलाय का, असं विचारतायत," लॅपटॉपवरून मान वर करत पुतणी म्हणाली.

"हो लिही, खोटं नको," कुमुदताई म्हणाल्या. "नातवाच्या बारशाच्या वेळी नाकारला होता. आमच्या हृषीकेशनेच मेलबर्नहून अर्ज भरला होता. शिवलेलं दुपटं इथेच राहिलं."

पुतणीने त्यांच्या ईमेलवरून व्हिसाच्या साइटवरचं जुनं खातं उघडलं. "अहो, हा अर्ज गेलाच नव्हता. सगळं भरलंय, पण सबमिट केलेलंच नाही."

विसरला असेल, असं कुमुदताईंनी मनाला समजावलं. पण मग नाकारल्याचं त्याला कळवलं कोणी?

तेवढ्यात, परत अर्ज करतेय हा त्यांचा सकाळचा मेसेज वाचून त्याचाच फोन आला. "आई, कशाला परत खटाटोप करतेस? पुन्हा नाकारतील."

"कोण रे?" कुमुदताईंनी विचारलं.