बोर्तोलो व्हेनिस बघायला निघतो

“मागच्या बोळानं जाऊ या, पपा,” ओर्नेला म्हणाली आणि बापाचा दंड धरून तिनं त्याला वळवलंच.

“चौकातून जवळ पडतं.”

“आज आपण पर्यटक. पर्यटक कधी जवळच्या वाटेनं जातात?”

बोर्तोलो गालात हसला. आज त्याला ऐंशी पूर्ण होत होती. जन्मभर त्यानं व्हेनिसच्या कालव्यांतून भाजी वाहिली, पण राजवाडा आतून पाहिला नव्हता की घंटेच्या मनोऱ्यावर गेला नव्हता. ते परक्यांचे उद्योग. लेक मुक्कामाला आली काय, जराशी शिंक आली म्हणून दोन दिवस त्याला घरात कोंडलं काय, आणि आज सकाळी म्हणते, चल, तुला तुझं गाव दाखवते! वाढदिवसाचा गुपचूप बेत शिजतोय हे न कळायला तो काय काल जन्मला होता?

पुलावर मासेवाली जुस्तीना भेटली. तिनं पिशवी खाली ठेवून त्याचे दोन्ही हात धरले. “बोर्तोलो, अरे...”

“आम्हाला उशीर होतोय,” ओर्नेलानं डोळे वटारले. जुस्तीनानं हात सोडून पिशवी उचलली.

पूल उतरल्यावर बोर्तोलो म्हणाला, “हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. हिला कशाला सांगितलंस?”

“काय सांगितलं?”

“काही नाही, बाई. चल, दाखव तुझं व्हेनिस.”

राजवाड्यात सोनेरी छतं बघून त्याची मान अवघडली. “एवढं सोनं आणि टेकायला एक खुर्ची नाही,” तो पुटपुटला. त्यानं वळून पाहिलं. ओर्नेला खांबाआड फोनवर होती. तो दबक्या पावलांनी जवळ गेला.

“नानेकाका... हो... नाही, पपाला काही कळू दिलेलं नाही.”

बोर्तोलो जागीच थबकला. नाने! त्याचा धाकटा भाऊ. दोघं एकाच चौकात राहत आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. नानेनं बापाची होडी न विचारता विकली, त्या दिवशी भरल्या गुत्त्यात बोर्तोलो ओरडला होता, “तू मरशील ना, तेव्हा फुलं घेऊन नाही, थुंकायला येईन!” व्हेनिसात बोललेला शब्द बुडत नाही, तरंगत राहतो. पोरंसोरंसुद्धा ते वाक्य त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची.

पण राग केव्हाच विझला होता. नाक तेवढं वर राहिलं होतं. वाइनच्या छोट्या पेल्याला व्हेनिसात ‘सावली’ म्हणतात, आणि एकानं दुसऱ्याला सावली पाजली की भांडण संपलं, असा त्यांच्या चौकाचा रिवाज. गेली दोन वर्षं बोर्तोलो रोज ठरवायचा, आज नानेला सावली पाजायची. आणि रोज गुत्त्याच्या दारातूनच मागं फिरायचा. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. आणि आता लेकीनंच काकाला बोलावलं होतं! शहाणी पोर.

“घरी कधी जायचं गं?”

“चार वाजता.”

“एवढा वेळ?”

“अजून मनोरा राहिलाय, पपा.”

मनोऱ्यावर वारा भणाणत होता. खाली लाल कौलांची दाटी, उत्तरेला पाणी, पाण्यापलीकडं स्मशानाचं बेट. फुलांनी भरलेली एक काळी होडी तिकडं निघाली होती, मागं आणखी चार.

बोर्तोलोनं टोपी काढली. “बघ, कोणीतरी ऐटीत चाललाय! आत्ता एवढी माणसं मागं, आणि जिवंतपणी बिचाऱ्याला कोणी एक सावली पाजली नसेल.”

ओर्नेला हुंदके द्यायला लागली.

“अगं वेडे, ऐंशीच झालीत. इतक्यात जात नाही मी!” त्यानं तिला जवळ घेतलं.

जेवताना कांद्यातले आंबट मासे ताटात तसेच राहिले. तो मनात वाक्यं जुळवत होता. ‘कसा आहेस?’ म्हणावं की ‘ये रे गाढवा’? गाढवच बरं. कसा आहेस म्हटलं की रडू येतं.

चारला ते चौकात शिरले. गुत्त्यासमोर अख्खा चौक जमला होता, सगळे काळ्या, इस्त्रीच्या कपड्यांत. बोर्तोलोनं टाय सरळ केला, चकित झाल्याचा चेहरा केला आणि दोन्ही हात पसरले.

“अरे वा! माझ्यासाठी एवढे? आणि कुठंय तो गाढव नाने? पहिली सावली त्याला, माझ्याकडून!”

कोणी हललं नाही. गुत्तेवाल्याच्या हातातली बाटली तशीच राहिली. नानेच्या बायकोनं तोंडाला रुमाल लावला.

“पपा,” ओर्नेलानं त्याचा दंड धरला, “हे तू कधी बोलला नाहीस रे...”

सगळ्यांच्या नजरा चुकवता चुकवता त्याची नजर भिंतीवर गेली. चौकातलं कोणी वारलं की निधनाच्या खबरीचा कागद तिथंच लागतो. कागदावर नाने हसत होता. अंत्ययात्रा आज, सकाळी अकरा. खाली शोकाकुल मंडळींची नावं: बायको, दोन मुलगे, पुतणी ओर्नेला.

आणि शेवटच्या ओळीत, ‘प्रकृतीच्या कारणानं निरोपाला येऊ न शकलेला त्यांचा थोरला भाऊ, बोर्तोलो.’