अकरा तुकड्यांची नाव

दहावा भाग पुन्हा मध्येच अडकला. मुलाने भाग उतरवून घेणारी स्क्रिप्ट थांबवली, एक ओळ बदलली आणि परत चालू केली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली.

वडील गाऊन प्रवचनं करत. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नव्हतं. "देवाला ऐकू गेलं, पुरे झालं," म्हणायचे. पण त्यांच्या एका जुन्या श्रोत्याने सगळं गुपचूप टेप करून ठेवलं होतं, आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी आपल्या साइटवर चढवलं होतं. मायलेक त्याला संग्राहक म्हणत. तो आता थकला होता, लेकीकडे राहायला निघाला होता. आज संध्याकाळी साइटचं यंत्र बंद करणार होता.

त्याने नावाड्याच्या गोष्टीचं, अकरा भागांचं एकच प्रवचन उघडं ठेवलं होतं. बाकीच्यांना कुलूप. अट त्याने लिहून कळवली होती : 'हे एक नीट जोडून दाखवा, मग बाकीचं नेता येईल. मागे लोकांनी तुकडे नेले आणि फोनच्या रिंगा केल्या.'

"झालं का?" आईने समोर येऊन विचारलं. मुलगा कामात बुडाला की त्याला हाका मारून उपयोग नसे. जेवायला बोलवायचं तरी ती खोलीतला दिवा दोनदा विझवून लावायची.

"होतंय. तू जरा बस."

"बसून काय करू? चेहरा आहे रे डोळ्यांपुढे, पण आवाज निसटत चाललाय. काल भांडी घासताना आठवून बघितला, तर मेला त्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याचाच आठवला."

मुलगा हसला. आई नाही हसली.

"हसतोस काय? एक दिवस चेहराही जाईल. मग मी काय धरून बसू?" ती खुर्ची ओढून बसली. "तू मात्र लबाड. ते गायला बसले की पालीसारखा छातीला चिकटायचास. हा असा तळहात दाबून. उचलून न्यावं तर भोकाड."

"आठवतंय."

"तुला काय आठवणार? दातसुद्धा नव्हते तुला!"

त्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं आणि परत कीबोर्डवर ठेवला.

अकरावा भाग उतरला. पुढचं सगळं स्क्रिप्टच करायची : फोल्डर बनवायचं, भाग जोडायचे, नाव द्यायचं, सुटे तुकडे पुसून टाकायचे. त्याने जोडलेल्या फाइलचा आकार तपासला. सगळ्या तुकड्यांच्या बेरजेला तंतोतंत जुळला. वजन बरोबर म्हणजे माल बरोबर, असा त्याचा हिशेब.

त्याने हेडफोन आईच्या कानांना लावले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिचे ओठ थरथरले. थोड्याच वेळात तिने हेडफोन काढून ठेवले.

"तेच आहेत. आधी खाकरायचं आणि मग देवाचं नाव! किती वेळा सांगितलं असेल." तिने डोळे पुसले. "पुढचं आत्ता नाही ऐकवत. सगळं हाती येऊ दे, मग ऐकते."

मुलाने फाइल पाठवून दिली.

उत्तर आलं ते आगपाखड करतच. 'ही काय थट्टा? नावाडी निघाला, लगेच नाव काठाला लागली, त्याने देवाचे आभार मानले, आणि मग वादळ सुटलं? तुमच्या वडिलांनी असं कधी सांगितलं होतं? मला आत्ता फोन करा.'

'कृपया लिहूनच बोलू या,' मुलाने कळवलं.

'वा! फोन करायचंही जड झालं! निदान एकदा ऐकायचं तरी होतं. माझं यंत्र मी बंद करतो. तुमच्यासारख्यांच्या हाती देण्यापेक्षा ती प्रवचनं गेलेली बरी.'

आईने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं. तिचा चेहरा उतरला. "काय चुकलं रे?"

चूक त्याच्या ध्यानात आली होती. तुकड्यांची नावं लावताना यंत्र आकडे मोजत नाही, अक्षरं वाचतं. एकच्या मागोमाग ते दहा घेतं, मग अकरा, मग दोन. एकेरी आकड्यांपुढे शून्य लावायचं राहून गेलं होतं. शिकाऊ पोरंसुद्धा करत नाहीत अशी चूक. आणि तुकडे तर पुसले गेले होते.

'चूक माझी,' त्याने लिहिलं. 'एक संधी द्या. आईला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय.'

आई ताटकळत उभी होती. मग ओळ उमटली : 'शेवटची. पण या वेळी स्वतः पूर्ण ऐका, मगच पाठवा. ऐकलंत असं मला शपथेवर सांगा.'

त्याने शून्यं लावली. पुसायची ओळ काढून टाकली. भाग पुन्हा एकेक उतरू लागले. दहावा परत अडकला. आईने हात जोडले. दहावा सुटला.

या वेळी त्याने हेडफोन बाजूला सारले. कपाटावरचा जुना मोठा स्पीकर उतरवून टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि लहानपणी ठेवायचा तसा तळहात त्याच्या जाळीवर दाबला. समोर आई बसली. मध्येच ती हसली, मध्येच रडली. त्याने हात काढला नाही. सावकाश ओढलेली वल्ही, मग धडधड, धडधड, मग एक लांब, शांत थरथर. आईने डोळे मिटून मान डोलावली.

फाइल संपल्यावर त्याने ती पाठवली आणि खाली लिहिलं : 'शपथेवर सांगतो, पूर्ण ऐकलं. मी जन्मापासून ठार बहिरा आहे, पण आधी वादळ आहे, मग काठ.'