चार नंबरचा घास

चार नंबरचं कासव हलत नव्हतं.

बाकीची पाच दाराशी येऊन बसली होती. लटारूच्या पायांची चाहूल लागली की ती रोज येत, आणि सगळ्यांच्या पुढे चार नंबर असे. आज ते कोपऱ्यात तसंच पडलेलं. मान आत, पाय आत, पाठीवर पांढऱ्या रंगानं काढलेला चारचा आकडा. लटारूनं गवताची काडी लावून पाहिली. मग बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. पाठ थंडगार होती. महिन्यापूर्वी पहाटे बायकोच्या, रंभाच्या, पायाला हात लावला तेव्हा असंच झालं होतं.

तो तिथंच उकिडवा बसला. पुढच्या पायांच्या फटीतून कासवाचा जबडा जरासा दिसत होता. त्याला भाताचं एक शीत चिकटून वाळलं होतं. ते काढायला त्यानं काडी घातली, पण आत जाईना.

सिंदेवाहीच्या फॉरेस्ट रेंज ऑफिसमागच्या जाळीतली ही सहा कासवं पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात सिरोंच्याकडे एका ट्रकमधून चोरून नेताना पकडलेली. नागपूरच्या सत्यशीला मॅडम चार महिन्यांपासून त्यांच्यावर अभ्यास करत होत्या. तिघांना केळी, टमाटर, भिजवलेले चणे. तिघांना नुसतं गवत. चार नंबर गवतावरचं. दर पंधरवड्याला मॅडम येत, एकेकाला काचेच्या पेटीत ठेवून श्वास मोजत. कोण किती हवा घेतं त्यावरून अंगात किती जळतं ते कळतं म्हणे. दुसरं काही पोटात गेलं तर सगळं पाण्यात, असं त्यांनी बजावलं होतं. आणि रेंजर साहेब म्हणाले होते, गडबड झाली तर रोजंदारीच्या मस्टरवरून तुझं नाव गेलंच समज.

काल रंभाला जाऊन महिना झाला. लटारूनं भात, वडे, वांग्याची भाजी पळसाच्या पानावर वाढली आणि पान जाळीच्या छपरावर ठेवलं. कासवांचं गवत रंभाच कापून आणायची, म्हणून इथंच. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. एकही खाली आला नाही. दुपार कलली. तिचं काय राहून गेलं ते त्याला सुचेना. शेवटी पान उचललं, तर जाळीतून चार नंबरनं मान लांब केली. रंभा त्याला म्हातारी म्हणायची. त्यानं पान आत ठेवलं. म्हातारीनं सगळा भात खाल्ला, आणि लटारूला महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

आता ते मेलं होतं. उचलून नाल्यात टाकावं, जाळीखालून पळालं म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण उचलायचं तर हात लावावा लागणार होता.

दहाच्या गाडीनं मॅडम आल्या. त्यांनी स्वतःच चार नंबर उचललं, पेटीत ठेवलं, उबेसाठी आतला दिवा लावला, हवा मोजायच्या यंत्राच्या नळ्या जोडल्या. लटारू दाराशी उभा राहिला. बऱ्याच वेळानं मॅडमनी काट्यावर टिचकी मारली. पुन्हा पाहिलं.

"लटारूभाऊ, याले काय चारलं?"

"गवत."

"गवतच?"

"गवतच जी."

"मग या काट्याले वेड लागलं. गवतावरचं कासव आपली चूल बारीक करून बसते. थोडं खाते, थोडं जाळते. इथं तं भडका उडून राह्यला."

"मंजे मेलं नाई?"

"मेलं? साऱ्यात जास्त श्वास हेच घेऊन राह्यलं. पोट तट्ट भरलं आहे, पचवत बसलं आहे."

लटारू मटकन खाली बसला. मग त्यानं सांगितलं. पान, कावळे, सगळं. सांगताना वर पाहिलं नाही.

मॅडमनी वही उघडली आणि चार नंबरच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. रेघ मारायला त्यांना वेळ लागला.

"हे यातून गेलं," त्या म्हणाल्या. "भात खाल्ला, एवढं लिहिते. कोणी दिला त्याले इथं जागा नाई."

"अन् साहेबाले?"

"मस्टर साहेबाचं. वही माही आहे." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं तोंड काऊन असं सुकलं? काल काय जेवले?"

"कावळा शिवला नाई, मॅडम. कसा जेवू?"

मॅडमच्या घरी हे असलं काही करत नसत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं. त्यांनी बोटानं काच वाजवली.

"घास शिवला ना," त्या म्हणाल्या. "यानं शिवला. काटा दाखवू? जा, भात उरला असन तं इथीच आणा अन् जेवा."

पेटीतल्या कासवानं हळूहळू मान बाहेर काढली. शीत अजून जबड्याला होतं. मॅडमनी झाकण उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. लटारूनं धोतराला हात पुसले, चार नंबर दोन्ही हातांनी उचललं. पाठ कोमट होती. त्यानं ते लवकर खाली ठेवलं नाही.